‘वायोमिंग’ म्हणणारा माणूस

रविवार, रात्रीचे पावणेबारा.

उद्या ऑफिस आहे, तरी ‘डॉग डे आफ्टरनून’ हा बँकदरोड्याचा सिनेमा लावलाच. तिसऱ्यांदा. या खेपेला मात्र ठरवून बसले होते की अल पचिनोकडे बघायचंच नाही. तो ओरडेल, नाचेल, बँकेबाहेरच्या गर्दीला भडकवेल, तरी नजर त्याच्या जोडीदारावर, सॅलवर ठेवायची. म्हणजे सॅल झालेल्या जॉन कझालवर.

सोपं नव्हतं. कझाल काही करतच नाही! बंदूक हातात, कपाळ उघडं, केस मानेवर, आणि डोळे कुठेतरी आतच बुडालेले. सोनी, म्हणजे पचिनो, विचारतो, कुठल्या देशात पळून जायचंय? सॅल थोडा विचार करून म्हणतो, वायोमिंग. म्हणजे अमेरिकेतलंच एक राज्य! हे उत्तर पटकथेत नव्हतं, कझालचं स्वतःचं होतं. दुसऱ्या कुणी ते हसू काढायला म्हटलं असतं. तो मात्र इतकं मनापासून म्हणतो की मला हसू यायच्या आधी पोटात खड्डा पडला. या माणसाने अमेरिकेबाहेरचं जग कधी मनातसुद्धा आणलेलं नाही, आणि तो विमानाने पळून जायला निघालाय.

खऱ्या दरोड्यातला सॅल १८ वर्षांचा पोरगा होता. कझाल चाळिशीला टेकलेला. दिग्दर्शक सिडनी ल्युमेट म्हणूनच तयार नव्हते, पचिनोने आग्रह धरला. दोघांची दोस्ती जुनी. नाटकं मिळत नव्हती तेव्हा न्यूयॉर्कमध्ये एका तेल कंपनीत निरोप्याचं काम करताना जमलेली.

कझालचे चित्रपट पाचच. ‘द गॉडफादर’ (१९७२), ‘द कॉन्व्हर्सेशन’ आणि ‘गॉडफादर’चा दुसरा भाग (दोन्ही १९७४), ‘डॉग डे आफ्टरनून’ (१९७५), ‘द डिअर हंटर’ (१९७८). पाचही सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकित, तीन विजेते. १९७४ साली तर त्याचाच एक चित्रपट त्याच्याच दुसऱ्याकडून हरला. त्याला स्वतःला मात्र ऑस्करचं एकदाही साधं नामांकनसुद्धा नाही. मला पूर्वी याचा राग यायचा. आज वाटलं, जो माणूस समोरच्याचं काम उठावदार व्हावं म्हणून एवढं लक्ष देऊन ऐकतो, त्याचं ते ऐकणं मोजणार तरी कसं?

‘गॉडफादर’मधला त्याचा फ्रेडोच घे. बापावर गोळ्या झाडल्या जातात, याच्या हातातून पिस्तूल निसटतं आणि हा फुटपाथवर बसून रडतो. दुसऱ्या भागात ताहो सरोवराकाठी त्या आरामखुर्चीत तो जवळजवळ आडवा पडलाय आणि तिथूनच धाकट्या भावाला सांगतोय की मी मोठा असून मला डावललंत, मलाही अक्कल आहे. बोलताना उठायला बघतो, खुर्ची उठू देत नाही. आपल्याकडे प्रत्येक नात्यात असा एक काका असतो. लग्नात त्याला पाणी-चहाचं बघायला सांगतात आणि आहेराच्या याद्या दुसऱ्याकडे देतात. आमच्याकडेही आहे. त्याचं नाव इथे लिहीत नाही, आई ही वही वाचते.

१९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात शेक्सपिअरचं नाटक करताना कझालची अभिनेत्री मेरिल स्ट्रीपशी गाठ पडली. पुढच्या वर्षी फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. ‘द डिअर हंटर’मध्ये त्याचे प्रसंग आधी उरकून घेतले. मार्च १९७८ मध्ये तो गेला, वय ४२. मेरिल त्याच्याजवळ होती. चित्रपट लागला डिसेंबरात. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. सिनेमाच्या आधी, १९६८ साली, कझालला न्यूयॉर्कच्या छोट्या रंगभूमीसाठीचा ओबी पुरस्कार मिळाला तो एका भारतीयाच्या भूमिकेसाठी! इस्रायल होरोविट्झच्या ‘द इंडियन वॉन्ट्स द ब्राँक्स’ नाटकात तो गुप्ता नावाचा माणूस झाला होता. मुलाला शोधत न्यूयॉर्कमध्ये आलेला, रात्री बसस्टॉपवर अडकलेला, फक्त हिंदी बोलणारा. दोन टवाळ पोरं त्याला छळतात, त्यातलं एक पचिनो. भोवती सगळे बोलतायत आणि याला काही कळत नाहीये. म्हणजे ऐकायचं, बघत राहायचं, घाबरायचं.

इटालियन वंशाच्या त्या बॉस्टनकडच्या माणसाने हिंदी कसं म्हटलं असेल? ‘ट’ आणि ‘त’चा घोळ नक्कीच घातला असणार. तरी मला ऐकायचं होतं.

सव्वा वाजला. डब्याची भाजी चिरायची राहिलीच.