नवतपा आणि बर्फाच्या लाद्या

चंद्रपूरकडच्या आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटवर मी क्वालिटी बघतो. मे महिन्यात, त्यातही नवतपाच्या नऊ कडक दिवसांत, इथे पारा 45 च्या वर सहज जातो. राफ्टच्या (पायाच्या जाड स्लॅबच्या) कामाला कन्सल्टंटने अट घातलेली: काँक्रीट 30 अंशांच्या वर नको. दुपारी गिट्टीला हात लावून बघा, मग कळेल ही अट काय चीज आहे ते.

सिमेंट-गिट्टीच्या मानाने पाण्याची विशिष्ट उष्णता चार-पाच पट. म्हणून मिक्समध्ये पाणी वजनाने थोडं असलं तरी थंड करायला तेच परवडतं. घनमीटरमागे 160 लिटर पाणी 35 वरून 7 अंशांवर आणलं, तर काँक्रीट हिशेबाने सहा-सात अंशांनी उतरतं. त्यातल्या 50 लिटरऐवजी 50 किलो बर्फ टाकला की आणखी साधारण सहा अंश, कारण किलोभर बर्फ नुसता वितळतानाच 80 किलोकॅलरी खातो.

आमच्याकडे फ्लेक आइसचं (बर्फाच्या पातळ कपच्यांचं) मशीन नाही, कारखान्यातून लाद्या येतात. त्या क्रशरमधून बारीक करूनच टाकायच्या. मिक्सरमधून काँक्रीट बाहेर पडताना बर्फाचा एकही खडा दिसता कामा नये, नाहीतर तो नंतर वितळून तिथे पोकळी राहते. आणि बर्फाचं वजन मिक्सच्या पाण्यातून वजा धरायचं! ऑपरेटर नवा असेल तर मी पॅनलजवळून हलत नाही.

पाणी थंड करणाऱ्या चिलरचा पाइप मात्र उघडा, उन्हात. "भाऊ, त्याला आधी इन्सुलेशन लावा," असं मालकांना सांगून झालंय. तोवर गिट्टीवर ग्रीन नेट, स्प्रिंकलर, आणि राफ्ट रात्रीच.