पुढच्या चाकातली खटखट: लिंक रॉड बदलणं आणि अपग्रेड करणं

ठाण्यात घोडबंदर रोडच्या सर्व्हिस रोडवर पेव्हर ब्लॉकवरून गाडी हळू चालवली की पुढून खटखट येते, आणि तीच गाडी नवी मुंबईच्या गुळगुळीत पाम बीच रोडवर चढली की अगदी गप्प. हे लक्षण बहुतेक वेळा लिंक रॉडचं असतं. तरी अशा गाडीला "शॉकअप गेले" असं सांगून दोन्ही शॉकअप बदलले जातात, आणि आवाज तसाच राहतो. लिंक रॉड त्या मानाने फार स्वस्त पार्ट आहे. म्हणून आधी तो तपासावा, मग पुढच्या खर्चाचा विचार करावा.

स्टॅबिलायझर बार म्हणजे डाव्या-उजव्या सस्पेन्शनला जोडणारी जाड आडवी सळई. वळणावर गाडी एका बाजूला कलू लागली की ती पिळली जाते आणि कलणं कमी करते. बहुतेक गाड्यांत तिचं टोक आणि शॉकअपची नळी यांना जोडतो तो लिंक रॉड. त्याच्या दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट असतात आणि त्यावर रबरी बूट, म्हणजे ग्रीस आत धरून ठेवणारं आवरण. बूट फाटला की ग्रीस बाहेर, चिखल-पाणी आत. एका पावसाळ्यात जॉइंट खिळखिळा होतो.

तपासायची सोपी रीत सोसायटीच्या गेटवरच आहे. स्पीडब्रेकर आधी सरळ, दोन्ही चाकं एकदम चढवून ओलांडा. बार नुसता आपल्या बुशमध्ये (त्याला धरणाऱ्या रबरी तुकड्यांत) फिरतो, पिळला जात नाही, त्यामुळे लिंकवर फारसा जोर येत नाही. मग तोच स्पीडब्रेकर तिरपा घ्या. आता एक चाक वर, एक खाली, बार पिळला जातो. आवाज फक्त तिरपं घेताना आला तर संशय लिंकवर किंवा बारच्या बुशवर. गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर टकटक आली तर मात्र शॉकअपचं वरचं टोक बॉडीला जोडणारं स्ट्रट माउंट बघा. खात्री हवी असेल तर दोन्ही लिंक काढा, बारची मोकळी टोकं कुठे आपटत नाहीत ना ते पाहा आणि सोसायटीच्या आवारातच ताशी 20 किमीच्या आत फिरवून बघा. बार सुटल्यावर गाडी जास्त कलते, त्यामुळे अशी गाडी रस्त्यावर काढायची नाही.

जुना लिंक हातात आला की स्टड, म्हणजे जॉइंटमधून बाहेर आलेला आट्यांचा दांडा, बोटाने हलवून बघा. चांगला जॉइंट जोर लावल्यावरच हलतो. स्वतःच्या वजनाने लटकला तर तो संपलेला आहे.

कामाला सपाट जागा हवी, पोडियमचा (इमारतीच्या उंचावरच्या पार्किंगचा) उतार नको. आदल्या संध्याकाळी उघड्या आट्यांवरची माती तारेच्या ब्रशने काढून गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. खाडीच्या हवेत इथले नट चांगलेच धरलेले असतात. मागच्या चाकांना ठोकळे लावा, व्हील नट जमिनीवरच सैल करा आणि पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी जॅक स्टँडवर ठेवा. एकच बाजू उचलली तर बार पिळलेला राहतो. स्टड भोकात अडकतो आणि सुटतो तेव्हा झटक्याने सुटतो. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका.

नट सोडवताना खरी गंमत सुरू होते: नटाबरोबर स्टडही फिरू लागतो. म्हणून स्टडच्या टोकाला ॲलन कीची षटकोनी खाच असते, साधारण 5 किंवा 6 मिमीची. काही गाड्यांत टॉर्क्स, म्हणजे ताऱ्याच्या आकाराची खाच असते. ती खाच धरून नटावर रिंग पाना लावा, बहुधा 14 ते 18 मिमीचा. खाच गंजाने भरलेली असेल तर आधी टोकदार सळीने साफ करा, नाहीतर ॲलन की घसरून कडा गोल होतात. तरीही नाही सुटला तर जुना बूट कापून मागून स्टडची मान लॉक प्लायरने पकडा. शेवटचा उपाय ग्राइंडर. त्याआधी सांडलेला स्प्रे पुसून घ्या, कारण तो पेट घेतो. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ओल्या कापडाने झाका. शॉकअपजवळ गॅसची ज्योत नेऊ नका.

नवा लिंक जुन्याशेजारी ठेवून लांबी आणि स्टडची दिशा जुळवा. काही गाड्यांत डावा-उजवा वेगळा असतो. भोकाभोवतीचा गंज घासून काढा, कारण तो नंतर दबला की नट सैल होतो. नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले) नवेच वापरा. आधी हाताने बसवा, मग टॉर्क रेंचने, म्हणजे कसण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, घट्ट करा. 10 मिमी आट्यांना बऱ्याच गाड्यांत हा टॉर्क 45 ते 60 न्यूटन-मीटर असतो, पण आपल्या गाडीच्या मॅन्युअलचाच आकडा धरा. इम्पॅक्ट गनने (झटके देत नट कसणाऱ्या मशीनने) नव्या लिंकचा नट कसू नये: आतला स्टड गरागरा फिरतो, बूट पिळवटतो, आणि "नवा पार्ट महिन्यात गेला" ही तक्रार तिथूनच सुरू होते. शेवटी नटावर रंगाची रेघ ओढा आणि शे-दोनशे किमीनंतर ती सरकली का बघा. लिंक जोडीनेच बदला. एवढ्या कामाने व्हील अलाइनमेंट बदलत नाही, तेव्हा कोणी ती सोबत गळ्यात मारत असेल तर नाही म्हणा.

आता अपग्रेड. जाड लिंक लावून गाडी वळणावर कमी कलेल, अशी अपेक्षा ठेवू नका. कडकपणा बारचा असतो. भरीव बारमध्ये तो व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 22 ऐवजी 24 मिमीचा बार म्हणजे जवळपास 42 टक्के जास्त कडक. पण मग एका चाकाचा खड्डा दुसऱ्या बाजूलाही जास्त जाणवतो, आणि फक्त पुढचा बार जाड केला तर वळणावर गाडीचं नाक बाहेर पळतं. लांबी कमी-जास्त करता येणारे लिंक गाडीची उंची बदलली असेल तरच कामाचे. ते बसवताना गाडी सपाट जागेवर चाकांवर उभी हवी आणि चालक आत बसलेला. एक बाजू जोडा, दुसऱ्या लिंकची लांबी अशी जुळवा की स्टड हाताने, जोर न लावता भोकात जाईल. मग ती लांबी पक्की धरणारा लॉक नट कसा. आटे 12 मिमी व्यासाचे असतील तर त्यांची किमान 12, शक्यतो 18 मिमी लांबी आत राहू द्या.

उघडे रॉड-एंड (धातूचे सांधे) असलेले रेसिंगचे लिंक मात्र इथल्या रस्त्याला लावू नयेत. बूट नसतो, त्यामुळे मेट्रोच्या कामाची धूळ आणि जुलैचं पाणी थेट आत जातं आणि आधीपेक्षा मोठी खटखट पदरात पडते. रोजच्या गाडीला माझी पसंती जाड बुटाच्या, ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) असलेल्या लिंकला. सर्व्हिसच्या वेळी ग्रीस भरताना बूट किंचित फुगला की थांबायचं. जास्त दाबलं तर तो फाटतो.