गाडीपासून पाण्यापर्यंत: आत्यासोबत नाशिकचे काठ

नाशिकला पाण्याची वानवा नाही. गोदावरी, दारणा, कादवा आणि त्यांच्यावरची धरणं. कुठल्याही रस्त्याला लागा, थोड्या वेळात पाणी दिसतंच. पण पाणी दिसणं वेगळं आणि गळ टाकून काठावर निवांत बसणं वेगळं. माझ्या आत्याच्या बाबतीत हा फरक पावलांत मोजावा लागतो.

आत्याला लहानपणी पोलिओ झाला. उजव्या पायाला कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट, आणि काखेत कुबडी. साठीनंतर चांगला पायही कुरकुरायला लागला. पोलिओतून वाचलेल्या मज्जातंतूंवर आयुष्यभर जादा भार पडतो आणि उतारवयात ते दमतात, असं डॉक्टरांनी समजावलं. आता थोडं चालली तरी तिला चाकाची खुर्ची लागते. गळाची हौस मात्र जशीच्या तशी आहे. चेहेडीला दारणेच्या काठी आजोबांनी तिला कणकेचा गोळा गळाला कसा लावायचा ते शिकवलं होतं. “मला कुठेतरी नेऊन बसव गं, मासा लागला नाही तरी चालेल,” असं ती म्हणाली आणि दिवाळीनंतर आम्ही काठ शोधायला निघालो.

गोदाघाटावर गळ टाकायचा प्रश्नच नव्हता. तिथले मासे लोकांच्या श्रद्धेचे. तरी आत्याला दुतोंड्या मारुती बघायचा होता. पूर किती चढला हे अख्खं नाशिक त्याच्या अंगावर मोजतं. गाडीतूनच दर्शन घेतलं, कारण पायऱ्या उतरून जायचं म्हणजे दोन माणसांनी उचलून न्यावं लागतं आणि तसं गेलेलं तिला आवडत नाही. घाटाला पायऱ्या असायलाच हव्यात. पण एखाद्या कडेला उतरण केली तर काय बिघडेल? एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हे उतरणीचं साधं माप आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा 2016 मध्ये झाला. त्यात अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले आणि करमणुकीचा हक्कही आला. पाण्याकाठी बसणं ही करमणूकच आहे.

गंगापूर धरण मातीचं आहे. अशा धरणाच्या पाण्याकडच्या उतारावर लाटांनी माती झिजू नये म्हणून दगडांचं पिचिंग करतात. ते दुरून नीटस दिसतं, पण जवळ गेलं की दोन दगडांमध्ये कुबडी अडकेल अशा फटी असतात. शिवाय भिंतीवर असं सहज जाताही येत नाही. म्हणून धरणाच्या भिंतीकडे जागा शोधूच नका. पाणी जिथे पसरत शेतांपर्यंत येतं, त्या फुगवट्याकडे जा.

नांदूर मध्यमेश्वरला सपाट जागा आहे, पण तिथे गळ नाही. ते पक्षी अभयारण्य आहे, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा. आत्या तिथे दुर्बीण घेऊन बसली आणि खूश झाली. तरी आमचा शोध तिथे संपणार नव्हता.

जागा सापडली ती दारणेच्या फुगवट्याला. धरण झालं की खालचे जुने रस्ते पाण्यात जातात. असा एक रस्ता आम्हाला गावातल्या एका आजोबांनी दाखवला. मुरूम घट्ट बसलेला आणि उतार इतका सौम्य की खुर्ची धरून ठेवावी लागेना. रस्ता सरळ पाण्यात शिरत होता. गाडी अलीकडे आडवी लावली आणि आत्या स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत पाण्याजवळ गेली. तिने मला मागे थांबायला सांगितलं. मी थांबले.

पण हाच काठ एप्रिलमध्ये असा नसतो. धरणातून शेतीसाठी पाण्याची आवर्तनं सुटली की पाणी मागे हटतं आणि मध्ये गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून भेगाळलेला, आत ओला. त्यात कुबडी रुतते, चाक तर पहिल्या हातालाच बसतं. म्हणूनच ‘अमुक धरणावर छान जागा आहे’ एवढं सांगून भागत नाही, महिनाही सांगावा लागतो. पाऊस ओसरल्यावर, धरणं भरलेली असतात तेव्हा पाणी रस्त्याच्या सर्वांत जवळ येतं. ऐन पावसाळ्यात मात्र जाऊ नये. काळी माती पाय धरते, आणि रोहू, कटला, मृगळ याच पुराच्या पाण्यात अंडी घालतात. तेव्हा त्यांना सोडावं.

खुर्ची पाण्यापासून थोडी मागेच लावली आणि चाकांपुढे आडवी फळी टाकली. काठावरचं गवत ओलांडायला लांब काठी लागते, आखूड काठीला माणसाला पुढे वाकावं लागतं आणि तोल तिथेच जातो. काठी टेकवायला जमिनीत बेचकं रोवलं. हातजाळ्याचा दांडाही लांबच हवा. धरणातली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असते, तेव्हा आधी त्यांना विचारावं. आम्ही विचारलं, तर त्यांच्यातलाच एक जण येऊन आत्याला खोल पाणी कुठून सुरू होतं ते दाखवून गेला.

आणखी एक गोष्ट आहे, ती कुणी बोलत नाही. काठावर स्वच्छतागृह नसतं. कॅलिपर घातलेल्या बाईला आडोशाला जाऊन बसता येत नाही, म्हणून आत्या अशा दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाही. उन्हात, त्या वयात! मला याचा फार राग येतो. आता आम्ही वाटेतलं कमोड असलेलं हॉटेल आधी बघून ठेवतो, तिथून काठ किती लांब ते मोजतो आणि मगच जागा ठरवतो. हॉटेल जवळ असलं की आत्या पाण्याची बाटली सोबत घेते.

त्या दिवशी दोन चिलापी (तिलापिया मासे) लागल्या. एक तिने सोडली, एक रात्री तळली.

पालखेड आणि वाघाडचे काठ अजून बघायचे आहेत. तिकडे गाडी पाण्याजवळ जाते अशी जागा ठाऊक असेल तर जरूर कळवा. जमीन मुरमाची की काळी, आणि कुठल्या महिन्यात पाहिलीत, तेही सांगा.