टिळकांच्या घरापासून बाबासाहेबांच्या घरापर्यंत, कालव्याच्या काठाने

लंडनच्या टूरमध्ये बिग बेन, टॉवर ब्रिज, लंडन आय, मादाम तुसाँ हे सगळं असतंच आणि ते बघावंच. पण हातात एक मोकळी सकाळ असेल, तर तिथल्या मराठी मित्रांनाही फारशी ठाऊक नसलेली एक वाट मी आवर्जून सुचवेन. अंतर चारेक किलोमीटर, चढ एकाच टेकडीचा आणि तिकीट कुठेही नाही. वाटेच्या एका टोकाला लोकमान्यांचं घर आहे, दुसऱ्या टोकाला बाबासाहेबांचं आणि मधे दोनशे वर्षं जुना रीजंट्स कालवा.

बेकरलू लाइनच्या वॉरिक अव्हेन्यू स्टेशनवर उतरा. तिथून चालत काही मिनिटांत हाउली प्लेस नावाची शांत गल्ली लागते. दहा नंबरच्या घरावर निळी गोल पाटी आहे. लोकमान्य टिळक, भारतीय देशभक्त आणि तत्त्वज्ञ, 1918-1919 मध्ये इथे राहत होते, असं तीवर इंग्रजीत लिहिलंय. ज्या व्हॅलेंटाइन चिरोलने त्यांना 'भारतीय असंतोषाचे जनक' म्हटलं, त्याच्यावर बदनामीचा खटला भरण्यासाठी ते इथे आले होते. मंडालेचा तुरुंगवास भोगलेला, साठी उलटलेला, मधुमेहाने गांजलेला माणूस. खटला ते हरले, खर्चही प्रचंड झाला. तरी इथल्या मुक्कामात स्वराज्याची बाजू मांडत सभा घेत राहिले, मजूर पक्षाच्या लोकांशी संबंध जोडत राहिले. हे खाजगी घर आहे, आत जाता येत नाही. रस्त्यावरूनच पाटी वाचायची. मला ती वाचताना भरून आलं.

तिथून दोन पावलांवर कालवा. लिटल व्हेनिस म्हणतात तो हा भाग. लांबट, अरुंद नौका काठाला ओळीने बांधलेल्या असतात आणि त्यांत माणसं संसार करून राहतात. टपावर फुलांच्या कुंड्या, जळणाची लाकडं, सायकली. एजवेअर रोडपाशी कालवा बोगद्यात शिरतो. बोगदा सुमारे 250 मीटरचा, आणि आत काठाची वाटच नाही. पूर्वी नावा घोडे ओढत. इथे घोडा सोडून वरून चालवत न्यायचे आणि नावाडी पाठीवर आडवे होऊन, पायांनी भिंती रेटत नाव पुढे काढायचे. आपणही वरच्या रस्त्याने जायचं आणि पुढे लिसन ग्रोव्हच्या आसपास पायऱ्यांनी खाली उतरायचं.

पुढे रीजंट्स पार्कच्या कडेने जाताना एक पूल लागतो, मॅकल्सफील्ड ब्रिज. इथे घाईने पुढे जाऊ नका. 2 ऑक्टोबर 1874 च्या पहाटे वाफेच्या बोटीमागे जोडलेली 'टिलबरी' नावाची नाव नेमकी या पुलाखाली असताना स्फोट झाला. तिच्यात साखर आणि पेट्रोलियमबरोबर बंदुकीची दारूही भरलेली होती. नावेवरचे तिघे जागीच गेले, पूल उडाला. आजही लोक त्याला 'ब्लो-अप ब्रिज' म्हणतात. पुलाचे बिडाचे खांब मात्र वाचले होते. नव्या पुलाला तेच लावले, पण फिरवून. खांबाजवळ जाऊन बोट फिरवून बघा. नावा ओढणाऱ्या दोरांनी बिडात खोल, गुळगुळीत खाचा पाडल्यात, आपल्याकडे जुन्या विहिरीच्या काठावरच्या दगडाला असतात तशाच. आणि त्या दोन्ही अंगांना आहेत. एका अंगाच्या स्फोटाआधीच्या, दुसऱ्या अंगाच्या नंतरच्या. मान वर केली की खांबाच्या माथ्यावर 'कोलब्रुकडेल' हे ओतशाळेच्या गावाचं नावही दिसतं. लंडनमधल्या कित्येक काचबंद वस्तूंपेक्षा हा खांब मला मोठा वाटला. या शहराची श्रीमंती कुणाच्या अंगमेहनतीवर उभी राहिली ते इथे हाताला लागतं.

मग प्राणिसंग्रहालयाच्या बाजूने जायचं, पायऱ्या चढून वर यायचं आणि प्रिमरोझ हिल ओलांडायची. माथ्यावरून सगळं लंडन दिसतं, पाच-दहा मिनिटं टेकावं. पलीकडे उतरलं की किंग हेन्रीज रोड.

दहा नंबर. 1921-22 मध्ये बाबासाहेब इथे राहत होते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं होतं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, नवल भथेना या मित्राने कर्ज दिलं, शाहू महाराजांनी मदत केली आणि 1920 मध्ये ते पुन्हा आले. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचायचं, पोटाची आबाळ सोसायची आणि पुन्हा रात्री वाचत बसायचं. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध याच काळातला. हे घर 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेऊन स्मारक केलं. पुढे निवासी घराचं संग्रहालय करायला स्थानिक कौन्सिलने हरकत घेतली. अखेर 2020 मध्ये परवानगी मिळाली.

मी गेले तेव्हा विदर्भातलं एक जोडपं मुलाबरोबर आलं होतं. काकूंनी दारातच चपला काढल्या. मुलगा म्हणाला, "आई, इथे काढायची गरज नाही." त्या म्हणाल्या, "तुला नसंल, मले आहे." मग माझ्याकडे वळून त्यांनी "जय भीम, ताई" म्हटलं. मीही "जय भीम" म्हटलं आणि आम्ही बरोबरच वर गेलो. वर खोलीत पलंगाशेजारी चष्मा आणि पुस्तकं मांडून ठेवली आहेत. काकू प्रत्येक फोटोखालची ओळ मुलाकडून वाचून घेत होत्या, मराठीत अर्थ विचारत होत्या आणि तो न कंटाळता सांगत होता.

प्रवेश विनामूल्य आहे, पण वेळा बदलतात, त्यामुळे आधी खात्री करून निघा. परतीसाठी नॉर्दर्न लाइनचं चॉक फार्म स्टेशन अगदी जवळ आहे. भूक लागली असेल तर कॅम्डन मार्केटही चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पाऊस नसेल अशी सकाळ निवडा, कारण कालव्याकाठची वाट ओली झाली की घसरते. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर मधला कालवा सोडा, पण दोन्ही घरं सोडू नका.