अकरा सेकंदांचा तुकडा

जिल्ह्याच्या सायबर ठाण्यात आलेल्या एका प्रकरणाचा अहवाल मी वर पाठवून दिला, तरी ते डोक्यातून जात नाही. गाव कोणतं आणि दोन्ही समाज कोणते, ते लिहीत नाही.

वस्तीवर टँकर येत नव्हता. तिथल्या विशीतल्या एका मुलाने इन्स्टाग्रामवर दीड मिनिटाची रील टाकली. त्यात टँकरच्या खेपांची वही, कोरडी टाकी आणि ग्रामपंचायतीवर सडकून टीका. मध्येच तो चिडून म्हणतो की पाणी वाटणारे सगळे एकाच समाजाचे आहेत, आणि त्या समाजाबद्दल एक झोंबणारं वाक्य बोलून जातो. एका पेजने नेमकी तेवढी ११ सेकंदं कापली, वर लाल अक्षरांत मजकूर चढवला आणि तुकडा व्हॉट्सअ‍ॅपवर पोचला. त्यामागोमाग एक व्हॉइस मेसेज फिरला: उद्या सकाळी नऊला चौकात या, मोकळ्या हातांनी येऊ नका. रात्री ठाण्यासमोर जमाव, हातात निवेदन आणि मागणी एकच, पोरावर आत्ताच्या आत्ता गुन्हा दाखल करा.

अशा वेळी अधिकाऱ्यासमोर सर्वोच्च न्यायालयाचे दोन आदेश असतात. एप्रिल २०२३ चा आदेश सर्व राज्यांना सांगतो की द्वेषपूर्ण भाषण दिसलं तर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा, दिरंगाई झाली तर न्यायालयाचा अवमान मानू. मार्च २०२५ चा निकाल, न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांचा, सांगतो की बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यांत, जिथे शिक्षा तीन ते सात वर्षांच्या टप्प्यात येते, तिथे आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खाली प्राथमिक चौकशी करणं योग्य. त्यासाठी डीवायएसपींची (पोलीस उपअधीक्षकांची) परवानगी आणि मुदत १४ दिवस. दोन्ही आदेश आपापल्या जागी बरोबर आहेत. पण जमावाला पहिलाच माहीत असतो, आणि ठाण्याच्या प्रभारीला रात्र शांततेत काढायची असते.

आम्ही प्रकरणाचे दोन भाग केले. व्हॉइस मेसेजवर त्याच रात्री गुन्हा. त्यात वेळ आहे, जागा आहे, हत्यारं आणण्याचा इशारा आहे. विचार करायला काही उरतच नाही. २०१५ साली माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणारं, रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या सांगितल्या, त्यांतली ही उघड तिसरी. मुलाच्या रीलसाठी मात्र परवानगी घेऊन प्राथमिक चौकशी सुरू केली.

आता पुराव्याचं. लोक स्क्रीनशॉट आणतात, तेही कापलेले, नाव आणि वेळ उडालेले. त्यावर काहीच उभं राहत नाही. आम्हाला लागते ती पोस्टची पूर्ण लिंक. खात्याचं दिसणारं नाव एका मिनिटात बदलता येतं, त्यामागचा आकडी आयडी बदलत नाही, म्हणून तो पहिल्यांदा टिपायचा. मग स्क्रीन रेकॉर्डिंग: लिंक उघडण्यापासून व्हिडिओ शेवटपर्यंत चालेपर्यंत सलग, खालच्या प्रतिक्रियांसह. फाइल तयार झाली की लगेच एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलचा डिजिटल अंगठा, काढून पंचनाम्यात लिहायचा. ६४ अक्षरं आहेत. हाताने उतरवताना एक चुकलं तरी बचावाचा वकील तिथेच पकडतो, म्हणून छापूनच जोडायचा. त्यावर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, भाग अ आणि भाग ब, दुसऱ्यावर तज्ज्ञाची सही. जालना निवडणुकीच्या खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने मूळ उपकरण समोर नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं, आणि तरीही अनेक ठाण्यांतून आजही नुसती पेन ड्राइव्ह येते, पाकिटात घालून.

तक्रारदारांच्या फोनमधल्या तुकड्यांचे हॅश काढले तर सगळे एकच निघाले. म्हणजे सगळ्यांकडे एकच फाइल फिरत आली होती. जबाब नोंदवताना प्रत्येकाला विचारलं, पूर्ण रील पाहिली का? एकानेही पाहिली नव्हती. भावना दुखावल्याचं निवेदन घेऊन आलेल्या माणसाने दीड मिनिट खर्चू नये, याचा मला आजही राग येतो.

तुकडा पहिल्यांदा चढवणाऱ्या पेजचा माग काढताना दोन खड्डे हमखास लागतात. समाजमाध्यमाच्या कंपनीकडून येणारी नोंद यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. तिच्यात १८:५० असेल तर आपल्याकडे रात्रीचे १२:२०, आणि तारीखही पुढची. हा साडेपाच तासांचा फरक विसरून मोबाइल कंपनीला पत्र गेलं की भलत्याच ग्राहकाचं नाव येतं. दुसरा खड्डा पोर्टचा. मोबाइल कंपन्या एकच आयपी पत्ता (इंटरनेटवरचा क्रमांक) एकाच वेळी अनेक ग्राहकांना वापरायला देतात, त्यांतला ग्राहक वेगळा ओळखता येतो तो पोर्ट क्रमांकाने. पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ दिली नाही तर उत्तरात यादी येते, माणूस येत नाही. आमच्या नोंदीत सुदैवाने पोर्ट होता. पेज चालवणारा निघाला दुसऱ्याच जिल्ह्यातला, या गावाशी काडीचाही संबंध नसलेला.

मुलाच्या रीलचा निर्णय त्या मानाने लवकर झाला. मोजपट्टी महाराष्ट्रातलीच आहे: स्वातंत्र्याआधी नागपूर उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी सांगून ठेवलं की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर माणसावर काय होईल ते पाहायचं, प्रत्येक वाकड्या शब्दात धोका हुंगणाऱ्यावर नव्हे. हातकणंगले ठाण्यात एका प्राध्यापकाच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून दाखल झालेला गुन्हा मार्च २०२४ मध्ये याच मोजपट्टीवर रद्द झाला, आणि पोलिसांना अभिव्यक्तिस्वातंत्र्य शिकवायची वेळ आली आहे असंही सर्वोच्च न्यायालयाने त्यात सुनावलं. मला ते लागलं, कारण ते खरं आहे. बोलणारा कोण, किती लोक ऐकतात, प्रसंग कोणता, हेही पाहायचं असतं. मुलाला अनुसरणारे जेमतेम चारशे, विषय पाणी, आणि ते एक वाक्य वाईट असलं तरी त्यात कुणाला काही करायला सांगितलेलं नाही. गुन्हा होत नाही, असा अहवाल दिला.

पण आमच्याकडे कागद येण्याआधीच स्थानिक ठाण्याने मुलाला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस दिली होती. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली १४९ ची, तीच ही. त्या कलमाने पोलिसांना दखलपात्र गुन्हा रोखण्याचा अधिकार मिळतो. मजकूर काढायला लावण्याचा रस्ता वेगळा, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चा. तिथे नोव्हेंबर २०२५ पासून पोलिसांतर्फे निदान उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची सही लागते, कायद्याचा आधार आणि नेमकी लिंक लिहावी लागते. त्या पेजवरचा तुकडा आम्ही तसाच काढवला, आणि त्यात वेळ गेला. मुलाची रील हवालदाराच्या एका फोनवर दहा मिनिटांत गेली. व्हॉट्सअ‍ॅपमधल्या प्रती कुणाच्याच हातात नाहीत. त्या अजून फिरतात. म्हणजे टँकरची वही दाखवणारं, कायद्याने निर्दोष ठरलेलं बोलणं पुसलं गेलं आणि त्यातलं सर्वांत वाईट वाक्य तेवढं जिवंत राहिलं.

इन्स्टाग्राम डिलीट केलेली रील ३० दिवस ठेवतं, तेवढ्यात ती परत आणता येते. पुराव्यासाठी ती आम्ही मुलाच्या फोनमधून तिथूनच घेतली होती. गुन्हा होत नाही हे त्याला लेखी कळवलं, रील पुन्हा टाकायला हरकत नाही असंही सांगितलं. त्याने टाकली नाही. वडिलांनी फोनच काढून घेतला, असं कळलं.

व्हॉइस मेसेजवाल्याच्या आणि पेजवाल्याच्या दोषारोपपत्राची न्यायालयाने दखल घ्यायची तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ ला (समाजासमाजांत वैर पसरवणं) राज्य सरकारची मंजुरी लागते. प्रस्ताव गेला आहे. त्याच्यासोबत मी एक वेगळं टिपण जोडलं आहे. १६८ च्या नोटिशीचा जो छापील नमुना ठाण्याठाण्यांत वापरतात, त्यात ‘सदर मजकूर तात्काळ काढून टाकावा’ ही ओळ आधीच टाइप केलेली असते. ती नमुन्यातून वगळावी, आणि मजकूर काढणं खरंच गरजेचं वाटलं तर पूर्ण व्हिडिओ पाहिल्याची नोंद स्टेशन डायरीत करून सायबर ठाण्याकडे पाठवावं, असं त्यात सुचवलं आहे. टिपणावर अजून शेरा आलेला नाही.