मारुती ८००ची पुनर्नोंदणी : एका ‘आय’पायी ४७ दिवस

मारुती ८००ची पंधरा वर्षांची नोंदणी मार्च २०२५मध्ये संपत होती. ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळाली आणि नवं स्मार्ट कार्डही हातात आलं. पण त्यातले ४७ दिवस एका अक्षरानं खाल्ले. हे अक्षर इंजिनावर बरोबर होतं, जुन्या कार्डावर बरोबर होतं, विम्याच्या कागदावरही बरोबर होतं. चूक होती ती आरटीओ कार्यालयाच्या संगणकातल्या नोंदीत. ज्यांची ८०० अजून चालू स्थितीत आहे, त्यांनी अर्ज भरण्याआधी हे वाचावं म्हणून सविस्तर लिहितोय.

सुरुवातीचा भाग सोपा आहे. नमुना २५, म्हणजे नोंदणी नूतनीकरणाचा अर्ज, ऑनलाइन भरायचा. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात करून टाका. कारचं नूतनीकरण शुल्क ५,००० रुपये. त्याशिवाय पेट्रोल कारचा पर्यावरण कर पाच वर्षांसाठी ३,००० रुपये भरला. मुदत उलटून गेल्यावर अर्ज केला तर कारसाठी दर महिन्याला ५०० रुपये जादा लागतात. (वीस वर्षांहून जुन्या कारचं शुल्क ऑगस्ट २०२५पासून १०,००० झालंय, हे २००५च्या आधीच्या गाडीवाल्यांनी धरून चालावं.) विमा आणि पीयूसी चालू हवेत, ई-चलान थकलेली असतील तर आधी भरून टाकावीत. पैसे भरले, तपासणीची तारीख मिळाली. इथपर्यंत कुठेही अडलं नाही.

तपासणीत निरीक्षक दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हातब्रेक, टायर आणि सीटबेल्ट बघतात. मग बॉनेट उघडून नंबर. ८००चा चेसिस नंबर इंजिनामागच्या पत्र्यावर, म्हणजे फायरवॉलवर ठोकलेला असतो आणि इंजिन नंबर ब्लॉकवर. चेसिस नंबर लगेच जुळला. इंजिन नंबर त्यांनी टॉर्चनं वाचला, पडद्यावरच्या नंबराशी ताडून पाहिला आणि शेरा मारला : इंजिन नंबर जुळत नाही. अर्ज तिथेच थांबला.

फरक एवढाच. इंजिनावर ‘एफ ८ बी आय एन’ आणि पुढे आकडे. पडद्यावर ‘एफ ८ बी एक एन’ आणि पुढे तेच आकडे. जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत नोंदी नेताना कधीतरी कुणीतरी ‘आय’ या अक्षराच्या जागी एक हा आकडा टंकला होता. ठोकलेल्या नंबरात हा ‘आय’ म्हणजे नुसती उभी रेघ असते, वरखाली आडव्या दांड्या नाहीत. घाईनं बघणाऱ्याला तो ‘१’ हा आकडाच वाटणार.

तो एक नाही हे खात्रीनं सांगता येतं, कारण सुझुकीच्या इंजिनांची नावं ठेवण्याची रीत ठरलेली आहे. आधी कुटुंबाचं अक्षर, मग घनफळ, मग आवृत्तीचं अक्षर. एफ ८ बी म्हणजे एफ कुटुंबातलं ८००च्या वर्गाचं, प्रत्यक्षात ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन. एफ १० डी हे १,०६१ सीसीचं, वॅगनआरमधलं. जिप्सीतलं जी १३ बी बी हे १,३०० सीसीच्या वर्गातलं. ८००च्या नंबरात यापुढे ‘आय एन’ येतं, म्हणजे इंडिया. सुझुकी आणि भारत सरकारच्या मारुती उद्योगाचा करार ऑक्टोबर १९८२मध्ये झाला, तेव्हा सुझुकीचा वाटा २६ टक्के होता. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली गाडी ग्राहकाच्या हाती गेली. जपानमधल्या गाडीचंच हे भारतातलं रूप, म्हणून तिला ही वेगळी खूण. या खुणेच्या मधोमध एकचा आकडा येण्याचं काही कारणच नाही. हे मी नंतर नोंद दुरुस्तीच्या अर्जात दोन वाक्यांत लिहिलं, आणि पुढे तेच उपयोगी पडलं.

खरा मनस्ताप खिडकीवर झाला. शेरा पाहून लिपिकानं सांगितलं, ‘इंजिन बदलल्याचा अर्ज करा, लगेच होऊन जाईल.’ हे ऐकू नका. इंजिन बदलाच्या अर्जाला नव्या इंजिनाचं खरेदीचं बिल लागतं, आणि मूळ इंजिन कधी बदललेलंच नसेल तर ते आणणार कुठून? शिवाय एकदा ती नोंद चढली की गाडीच्या इतिहासात कायम राहते. उद्या गाडी विकायला काढली की घेणारा पहिला प्रश्न तोच विचारणार. पंधरा वर्षं मूळ इंजिनावर चालवलेल्या गाडीला हा डाग मी लावून घेणार नव्हतो. अर्जाचा विषय ‘संगणकीय नोंदीतील टंकलेखनाची चूक दुरुस्त करणेबाबत’ असाच लिहा आणि तसाच आवक शिक्का मारून घ्या. शिक्क्याची प्रत हातात नसेल तर पुढच्या फेरीला तुमचा अर्ज कुणाला सापडत नाही.

अर्जाला हे कागद जोडले : नमुना २१, म्हणजे विक्रेत्यानं दिलेलं विक्री प्रमाणपत्र, नमुना २२, म्हणजे उत्पादकाचं प्रमाणपत्र, यावर इंजिन आणि चेसिस दोन्ही नंबर छापलेले असतात, पहिल्या वर्षाची विमा पॉलिसी, जुन्या स्मार्ट कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत, दोन्ही नंबरांची पेन्सिल छाप (नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासून घेतलेला ठसा), नंबराचे जवळून काढलेले फोटो, आणि इंजिन मूळचंच असल्याचं स्वयंघोषणापत्र. यातलं सर्वांत वजनदार नमुना २२. गाडी घेतल्यावर फायलीत टाकलेला हा कागद पुन्हा कुणी उघडून बघत नाही, आज शोधून ठेवा. हरवला असेल तर अधिकृत विक्रेत्याकडे चेसिस नंबर देऊन त्या गाडीला कोणत्या नंबराचं इंजिन बसवलं होतं याचं पत्र मागता येतं, पण त्याला वेळ लागतो.

पेन्सिल छाप नीट येण्यासाठी : नंबराभोवतीचं तेलकट किटण रॉकेलच्या फडक्यानं आणि जुन्या टूथब्रशनं काढा. घासपेपर किंवा तारेचा ब्रश अजिबात लावू नका. नंबराभोवती चरे दिसले की खाडाखोडीचा संशय येतो आणि प्रकरण भलतीकडे जातं. जागा कोरडी झाली की पांढरा खडू आडवा फिरवून वरचा हलकेच पुसा. खोलगट भागात खडू अडकून अक्षरं पांढरी उठून दिसतात. फोटो तेव्हाच काढा. इंजिन नंबर वरून सरळ दिसत नाही; आरसा धरला तर अक्षरं उलटी दिसतात, मोबाइलचा कॅमेरा आत सरकवणं सोयीचं. आमच्या फोटोत ‘बी’ आणि ‘एन’च्या मधली ती उभी रेघ, आणि चार अक्षरं पुढे असलेला खरा एक, दोन्ही एकाच चौकटीत आले. आकड्यातल्या एकाला वर छोटी तिरकी चोच आहे, ‘आय’ला नाही. निरीक्षकांनी दुसऱ्या तपासणीत हा फोटो पाहिला आणि ‘नंबर मूळ, खाडाखोड नाही’ असा अहवाल दिला.

त्यानंतर काम हलायला हवं होतं, पण फाइल तीन आठवडे एकाच टेबलावर पडून होती. कारण असं, की प्रणालीत एकजण नोंद करतो, दुसरा पडताळतो, तिसरा मंजूर करतो. नंबर दुरुस्त करण्याचा अधिकार खिडकीवरच्या लिपिकाला नसतोच. तरी तो ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणत राहतो. पाच फेऱ्या अशाच गेल्या. हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर मी पहिल्या दिवशीच सहायक प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांकडे गेलो असतो. आवक क्रमांक, तारीख, निरीक्षकांचा अहवाल आणि नमुना २२ एका पानावर मांडून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी संबंधिताला बोलावून घेतलं आणि दोन दिवसांत नोंद सुधारली. ज्या कामाला दोन दिवस पुरले, त्यासाठी नागरिकाला दीड महिना ताटकळत ठेवणं चूक आहे, आणि ते मी तिथे स्पष्ट बोललोही. दुरुस्ती झाल्यावर पडद्यावरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचून मगच बाहेर पडा. मूळ अर्ज तिथून पुढे आपोआप सरकला, फेरशुल्क लागलं नाही.

चेसिस नंबराच्या बाबतीत एक सोपी कसोटी आहे. तो एम ए ३ ने सुरू होणारा १७ अक्षरांचा असेल, तर त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. आकड्यांशी घोळ होऊ नये म्हणूनच ती वगळलेली आहेत. संगणकातल्या नोंदीत यातलं एखादं दिसलं तर ती चूकच समजा. जुन्या ८००चे नंबर एस बी ३०८ ने सुरू होतात, त्यांना हा नियम लागू नाही. सप्टेंबर २००७च्या आधीच्या कागदांवर उत्पादक म्हणून मारुती उद्योग असेल आणि नंतरच्यांवर मारुती सुझुकी इंडिया, ती मात्र चूक नव्हे. कंपनीचं नावच तेव्हा बदललं.

पीयूसीचं सांगायचं राहिलं. भारत स्टेज २ आणि ३ या प्रदूषण मानकांच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमच्या आत लागतं. गाडी घरातून काढून पाच मिनिटांत केंद्रावर नेली तर धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थंडच असतो आणि आकडा वर जातो. दहाबारा किलोमीटर फिरवून न्या. तरीही नापास झाली तर एअर फिल्टर, तीन प्लग आणि थ्रॉटल बॉडीची सफाई, या क्रमानं बघा. ऑक्सिजन सेन्सर शेवटी. एलपीजीवरची गाडी असेल तर टाकीची दर पाच वर्षांची चाचणी झालेली हवी.

तपासणीआधी टिंकरिंग आणि रंगकाम करणार असाल तर पेंटरला फायरवॉलवरच्या नंबरावर टेप लावायला सांगा. रंगाचा थर चढला की ठोकलेली अक्षरं बुजतात. ८००चा पत्रा गंजतो तो पायाखाली, रबरी मॅटखाली, आणि जॅक लावायच्या जागी. मॅट उचलून बोटानं दाबून बघा. पापुद्रा निघाला तर नुसती पुटी भरून भागत नाही, कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंग करावा लागतो. काचांवर काळी फिल्म असेल तर काढून जा. आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट आधीच बसवून घ्या. चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी. प्लेट मागवतानाही गाडीचे नंबर नोंदीशी जुळावे लागतात, म्हणजे नोंदीतली चूक तिथेही आडवी येऊ शकते.

एवढा खटाटोप या गाडीसाठी कशाला, असं अनेकांनी विचारलं. जेमतेम ६५० किलोची, ३७ अश्वशक्तीची, चार गिअरची ही गाडी गल्लीत एका फेरीत वळते. तालुक्याच्या गावातला मेकॅनिकही तिचा डिस्ट्रिब्युटर डोळे मिटून उतरवतो. घाटात एसी लावून चौघं बसले की दुसऱ्या गिअरवर यावं लागतं, एअरबॅग नाही, १२ इंची टायर आता शोधावे लागतात. ही तक्रार प्रत्येक मालकाची आहे आणि ती रास्त आहे. हायवेवर लांब जायला मी ती सुचवणार नाही. गावातल्या रोजच्या दहा-पंधरा किलोमीटरना मात्र तिच्याइतक्या कमी खर्चात काही परवडत नाही.

एप्रिल २०१०मध्ये भारत स्टेज ४ लागू झालं तेव्हा कंपनीनं ८०० त्या मानकापर्यंत नेली नाही, आणि मुंबई, पुणे, सोलापूर धरून १३ शहरांत तिची विक्री थांबली. म्हणजे या तीन शहरांत नव्या घेतलेल्या शेवटच्या गाड्यांची पंधरा वर्षं २०२५मध्येच भरली. राज्यात इतरत्र ती पुढेही विकली जात होती. उत्पादन थांबलं १८ जानेवारी २०१४ला. तेव्हा घेतलेल्यांची मुदत २०२९मध्ये येईल. त्यांनी थांबू नये. नमुना २२ बाहेर काढून त्यावरचा इंजिन नंबर आणि संगणकातली नोंद अक्षर अक्षर लावून आत्ताच ताडून बघावी, चौथ्या, म्हणजे ‘बी’नंतरच्या अक्षरापाशी जरा जास्त वेळ थांबून.