पाठ होते, पण येत नव्हते

बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सत्रात शरीररचना व शरीरक्रिया या विषयात मी नापास झालो. पुढच्या परीक्षेत तोच विषय पुन्हा राहिला, आणि तिसऱ्या सत्रात ॲडल्ट हेल्थ नर्सिंगची, म्हणजे प्रौढ रुग्णांच्या परिचर्येची, त्यात भर पडली. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये आणलेल्या सत्र पद्धतीत लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेत स्वतंत्रपणे ५० टक्के गुण मिळवावे लागतात. प्रात्यक्षिकातले चांगले गुण लेखी परीक्षेतली तूट भरून काढत नाहीत. शिवाय मागचे सर्व विषय सुटल्याखेरीज पाचव्या सत्राच्या परीक्षेला बसता येत नाही. त्यामुळे वर्गात बसता येत होते, वॉर्डात ड्युटीही करता येत होती, पण दोन विषय डोक्यावर घेऊन.

मी अभ्यास करत नव्हतो असे कुणी म्हटले असते, तर मला ते सोपे गेले असते. पण मी पहाटे चारला उठत होतो. वाशीम जिल्ह्यातल्या ज्या शाळेत मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो, तिथे अभ्यास म्हणजे मोठ्याने वाचणे आणि प्रश्नोत्तरे तोंडपाठ करणे, आणि त्या पद्धतीने मला गुणही चांगले मिळत आले होते. तीच पद्धत मी वसतिगृहात नेली, फक्त आता पुस्तक इंग्रजी होते आणि परिच्छेद अर्धवट समजत होते. जे समजत नाही ते अधिक वेळा वाचायचे, असा माझा साधा हिशेब होता. त्यात हायलायटरची भर पडली: व्याख्येला पिवळा, कारणांना गुलाबी, लक्षणांना हिरवा आणि परिचर्येला निळा. सत्राच्या अखेरीस माझे पुस्तक रंगपंचमीच्या संध्याकाळच्या शर्टासारखे दिसत असे, आणि ते पाहून मला अभ्यास झाल्यासारखे वाटत असे.

अंतर्गत परीक्षेचा एक पेपर आमच्या ट्यूटर मॅडमनी मला समोर बसवून दाखवला. मूत्रपिंडे रक्तदाब कसा राखतात, असा प्रश्न होता. मी नेफ्रॉनची, म्हणजे मूत्रपिंडातल्या रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म घटकाची, नावे दिलेली सुबक आकृती काढून त्याच्या प्रत्येक भागाची लांबलचक माहिती लिहिली होती. मॅडम म्हणाल्या, "यात एकही वाक्य चुकीचे नाही. फक्त हा प्रश्न तुला कुणी विचारला नव्हता." मला राग आला होता, हे कबूल करतो. दीड पान लिहून दोन गुण मिळाल्यावर कुणालाही येईल.

मॅडमचे म्हणणे मला कळले ते काही आठवड्यांनी, मेडिसिन वॉर्डात. मॉर्निंग ड्युटी होती आणि औषधांचा ट्रे घेऊन मी इन्चार्ज सिस्टरबरोबर फिरत होतो. हृदयाची पंपिंगची ताकद कमी झालेल्या एका आजोबांना हृदयाला बळ देणारे डिगॉक्सिन आणि लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड अशी दोन्ही औषधे चालू होती. सिस्टरांनी विचारले, "यांची पल्स चोपन्न आहे. डिगॉक्सिन देशील का?" मी मळमळ, उलट्या, भूक मंदावणे, डोळ्यांपुढे पिवळसर दिसणे, अशी दुष्परिणामांची यादी म्हणू लागलो. त्यांनी मला थांबवले. "अरे, मी दुष्परिणाम विचारलेच नाहीत. गोळी द्यायची की नाही, एवढेच सांग." मला सांगता आले नाही. स्टेथोस्कोप छातीवर ठेवून हृदयाचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजायचे आणि प्रौढ रुग्णात ते ६० पेक्षा कमी असतील, तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचे, हे वाक्य मी निळ्या रंगाने रंगवलेले होते. पान डोळ्यांपुढे दिसत होते, पण त्या वाक्याचा समोरच्या आजोबांशी संबंध लागत नव्हता.

त्यांचा दुसरा प्रश्न अधिक शिकवून गेला: "आणि यांच्या पोटॅशियमचा रिपोर्ट आपण का बघतो?" फ्युरोसेमाइडमुळे लघवीवाटे पोटॅशियम जाते, हे मला पाठ होते. रक्तातले पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मिलीइक्विव्हॅलंट प्रति लीटर असते, हेही पाठ होते. डिगॉक्सिनची विषबाधा होऊ शकते, हेसुद्धा पाठ होते. पोटॅशियम कमी झाले की डिगॉक्सिन हृदयाच्या पेशींना अधिक प्रमाणात चिकटते आणि नेहमीच्या मात्रेतही विषबाधा होऊ शकते, हा त्यांना जोडणारा धागा मात्र माझ्याकडे नव्हता. तीन वेगवेगळ्या पानांवर, तीन वेगवेगळ्या रंगांत ठेवलेल्या या गोष्टींची मी कधी एकमेकींशी गाठच घालून दिली नव्हती.

त्यानंतर पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून अभ्यास कसा करावा याविषयी वाचण्यात मी दोन-तीन संध्याकाळी घालवल्या. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा एक प्रयोग मला फार लागला. त्यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी तो मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आठवले आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. माझी पहाट या पाच मिनिटांतच अडकलेली होती: वाचून लगेच सगळे ओळखीचे वाटायचे आणि त्या ओळखीलाच मी ज्ञान समजत होतो. डन्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, त्यांत रंगवणे आणि पुन्हा पुन्हा वाचणे या दोन्हींना खालची श्रेणी मिळाली होती, तर स्वतःची चाचणी घेणे आणि अंतर ठेवून उजळणी करणे यांना सर्वांत वरची. माझ्या चार रंगांचा निकाल तिथेच लागला.

मग मी कोऱ्या कागदाने सुरुवात केली. मूत्रपिंडाची चार पाने एकदा शांतपणे वाचली, पुस्तक मिटले आणि आठवेल ते लिहू लागलो. पाच ओळी आल्या. वर्षभरात दहा-बारा वेळा वाचलेल्या प्रकरणाच्या पाच ओळी! निकालाच्या दिवशीही वाटली नव्हती इतकी लाज मला त्या कागदासमोर वाटली, कारण इथे पेपर कठीण होता किंवा तपासणारा कडक होता असे म्हणायची सोय नव्हती. पुस्तक उघडून राहिलेले मुद्दे लाल पेनाने भरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा कागद घेतला, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. कागदावरचा लाल रंग हळूहळू कमी होत गेला, आणि अभ्यास किती झाला हे मला पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसू लागले.

सुट्या माहितीसाठी कार्डे केली. घरी साठलेल्या लग्नपत्रिका आईने पिशवी भरून दिल्या होत्या. त्यांची कोरी बाजू कापून एका अंगाला प्रश्न आणि दुसऱ्या अंगाला उत्तर लिहिले. बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे चार कप्पे केले. उत्तर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकले की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज पाहायचा आणि शेवटचा महिन्यातून एकदा. ही युक्ती सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात मांडली होती आणि आता तिची मोबाइल ॲपही आहेत, परंतु मोबाइल हातात घेतला की मी कुठल्या कुठे पोहोचतो हे ठाऊक असल्यामुळे मी खोक्यावरच राहिलो. इथे एक गोष्ट स्पष्ट करतो: पाठांतर वाईट, असे माझे म्हणणे नाही. मेंदूतून थेट निघणाऱ्या बारा नसा म्हणजे कपाल चेता, रक्तातल्या घटकांची सामान्य पातळी, लसीकरणाचे वेळापत्रक ही माहिती तोंडपाठच हवी. झटके रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटवर असलेल्या बाळंतिणीचा श्वास मंदावला तर त्यावरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, जवळ हवे, हे आठवण्यासाठी विचार करत बसायला वेळ मिळत नसतो. माझी चूक एवढीच होती की जे समजून घ्यायचे होते, तेही मी पाठ करत होतो.

समजून घेण्याचा रस्ता मला आईने दाखवला, तोही नकळत. रविवारी फोनवर ती आमच्या शेजारच्या काकांविषयी बोलत होती. त्यांची साखर खूप वाढली होती. तिने विचारले, "का रे, अंगात एवढी साखर आहे तर माणूस वाळतो कसा?" मधुमेहाची तीन प्रमुख लक्षणे, म्हणजे वारंवार लघवी, खूप तहान आणि खूप भूक, मला क्रमाने पाठ होती. तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या यादीत नव्हते. मी बोलता बोलता जुळवू लागलो. साखर रक्तात असते, पण इन्सुलिन पुरेसे नसले की ती पेशींच्या आत शिरत नाही, म्हणजे कणगी भरलेली असून घर उपाशी. पेशी उपाशी म्हणून भूक लागते, आणि शरीर स्वतःचीच चरबी आणि स्नायू मोडून खाते, म्हणून माणूस वाळतो. रक्तातली जादा साखर लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते, म्हणून लघवी वाढते. पाणी गेले म्हणून तहान लागते. आई म्हणाली, "हां, आता कळलं." कळले खरे तर मला होते.

तेव्हापासून प्रत्येक आजार मी आधी मराठीत स्वतःला समजावू लागलो, आणि नंतर त्याच साखळीतला एकेक दुवा इंग्रजीत लिहू लागलो. उत्तरपत्रिका इंग्रजीत असते म्हणून विचारही इंग्रजीतच करायला हवा, अशी समजूत मला उगाचच दोन वर्षे महागात पडली. इंग्रजी वाक्ये माझी आजही साधी असतात, पण त्यांत आता 'म्हणून' आणि 'त्यामुळे' असतात, आणि गुण बहुधा त्यांनाच मिळतात.

आकडेमोडीचे एक गणित रोज सोडवायचे, हा नियम केला. भाजलेल्या रुग्णाचे गणित मला विशेष आवडते, कारण त्यात पाठांतर आणि समज यांची फारकत लगेच उघडी पडते. समजा, ५० किलो वजनाच्या बाईंच्या धडाचा पुढचा भाग आणि एक पूर्ण हात भाजला आहे. शरीराचे नऊ-नऊ टक्क्यांचे भाग धरणाऱ्या नवाच्या नियमाने १८ आणि ९ मिळून २७ टक्के होतात. शिरेतून किती द्रव द्यायचा हे ठरवणाऱ्या पार्कलंडच्या सूत्राने ४ गुणिले ५० गुणिले २७ म्हणजे २४ तासांत ५४०० मिलिलीटर द्रव, त्यातले निम्मे, म्हणजे २७००, पहिल्या आठ तासांत. इथपर्यंत मी नेहमी बरोबर असायचो. पण हे आठ तास रुग्णालयात आल्यापासून मोजायचे नसून भाजल्यापासून मोजायचे असतात. बाई दोन तासांनी पोहोचल्या असतील, तर ते २७०० मिलिलीटर सहा तासांत, म्हणजे तासाला ४५० या वेगाने, द्यायचे असतात. गावातून जीप मिळून तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचायला किती वेळ लागतो हे मला चांगले ठाऊक होते, तरी सूत्रात तो वेळ धरायचे मला सुचत नव्हते.

काही प्रयोग फसलेही. मित्रांबरोबरचा सामूहिक अभ्यास दुसऱ्या चहानंतर नेमका क्रिकेटवर जात असे, त्यामुळे तो आम्ही एकमेकांना तोंडी प्रश्न विचारण्यापुरता अर्ध्या तासावर आणला. नाइट ड्युटीनंतर न झोपता वाचणे मी पूर्ण सोडले. पेपरला मात्र घड्याळाचा हिशेब उपयोगी पडला: ७५ गुणांना तीन तास, म्हणजे दहा गुणांच्या प्रश्नाला २४ मिनिटांपेक्षा जास्त नाही. पहिली दोन मिनिटे मी प्रश्नातल्या क्रियापदाखाली रेघ मारण्यात घालवतो. वर्णन करा, फरक सांगा, परिचर्या लिहा. मॅडमनी दाखवलेला तो पेपर अजून मनातून गेलेला नाही.

दोन्ही विषय चौथ्या सत्राबरोबर सुटले. शरीररचना व शरीरक्रियेत काठावर, आणि ॲडल्ट हेल्थमध्ये मला स्वतःला खरे वाटू नये इतक्या चांगल्या गुणांनी. खोके आता सातव्या सत्रातही माझ्या कॉटखाली आहे आणि त्यातली बहुतेक कार्डे शेवटच्या कप्प्यात पोहोचली आहेत. धमनीतल्या रक्ताच्या तपासणीचे एक कार्ड मात्र महिनोन्‌महिने पहिल्याच कप्प्यात बसून आहे. रक्ताची आम्लता दाखवणारा पीएच ७.३५ ते ७.४५, कार्बन डायऑक्साइडचा दाब ३५ ते ४५, बायकार्बोनेट २२ ते २६, हे आकडे मला झोपेतही सांगता येतात. पण बिघाड फुप्फुसांचा की चयापचयाचा, आणि शरीराने तो किती भरून काढला आहे, हे ठरवताना चारातला एक रिपोर्ट अजून चुकतो. काल रात्री पुन्हा चुकला, आणि कार्ड परत पहिल्या कप्प्यात गेले.